कार्ड आहे, पण गणित होत नाही

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात बसस्थानकावर उतरून रसेल मार्केटकडे चालत गेलं, तर संगणकाची आठवण यावी असं वाटेत फारसं काही भेटत नाही. फुलांचे ढीग, भाजीवाल्यांची आरडाओरड, पलीकडे कमर्शियल स्ट्रीटवरची कापडाची दुकानं. पण या वस्तीपासून नकाशावर दोन रेघा ओढल्या तर भारतातल्या महासंगणकांच्या इतिहासातली दोन ठिकाणं सापडतात. एक रेघ पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावरच्या सी-डॅकच्या केंद्राकडे जाते. पुण्यात स्थापन झालेल्या या संस्थेने २००३ मध्ये तिथे ‘परम पद्म’ कार्यान्वित केला. सेकंदाला सुमारे एक लाख कोटी गणितं, म्हणजे जवळपास एक टेराफ्लॉप, ही त्याची कमाल क्षमता. त्या वर्षी जूनमध्ये जाहीर झालेल्या जगातल्या ५०० वेगवान संगणकांच्या यादीत तो १७१ वा होता. दुसरी रेघ वायव्येला, भारतीय विज्ञान संस्थेकडे जाते. तिथे २०२२ च्या सुरुवातीला ‘परम प्रवेग’ सुरू झाला. त्याची क्षमता ३.३ पेटाफ्लॉप, म्हणजे पद्मच्या तीन हजारपटींहून जास्त.

या दोन यंत्रांमधला मोठा फरक आतल्या जातीचा आहे. परम पद्ममध्ये २४८ प्रोसेसर होते आणि ते सगळे सरळ सीपीयू होते. प्रवेगमध्ये सीपीयूच्या जोडीला एनव्हिडियाची व्ही-१०० नावाची ग्राफिक्स कार्डं आहेत. शास्त्रीय कामाला लागणाऱ्या दुहेरी अचूकतेच्या गणितात असं एकेक कार्ड सात टेराफ्लॉपच्या घरात जातं. एकेकाळी अख्खी इमारत सांभाळणारं काम आज तळहाताएवढ्या चिपवर होतं, ते असं.

आता याच कुळातलं, पण साधं, गेमिंगसाठी विकलं जाणारं कार्ड कुणीही घरच्या संगणकात बसवू शकतो. शिवाजीनगरासारख्या वस्तीत खोली घेऊन राहणारा एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी पगारदार मित्राकडून उसने पैसे घेऊन ते आणतो, संगणकात खोचतो, उबुंटू ही लिनक्स कार्यप्रणाली चालू करतो आणि प्रोग्राम चालवतो. पडद्यावर ओळ येते की जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, सापडला नाही. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, कार्ड जागेवर आहे. गणित मात्र होत नाही. इथून पुढचे दोन दिवस बहुतेकांचे वाईट जातात. ते तसे जायचं कारण नाही. कार्ड आणि प्रोग्राम यांच्यामध्ये सॉफ्टवेअरचे काही थर असतात. कोणता थर काय करतो आणि बिघाड कोणत्या थरात आहे हे एकदा कळलं, की या कामातली निम्मी भीती निघून जाते.

ग्राफिक्स कार्ड मुळात चित्रासाठी जन्मलं. नेहमीच्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. गेम चालू असताना सेकंदाला ६० वेळा त्या प्रत्येक ठिपक्याचा रंग नव्याने काढायचा, तर सेकंदाला बारा कोटींवर हिशेब होतात. पण एका ठिपक्याचा हिशेब शेजारच्या ठिपक्यासाठी थांबून राहत नाही. म्हणून ग्राफिक्स कार्डात थोड्या हुशार गणकांऐवजी हजारो साधे गणक भरले गेले. घरगुती सीपीयूत असे आठ-सोळा गणक, म्हणजे गाभे, असतात. आरटीएक्स ३०६० या मध्यम किमतीच्या कार्डात ३,५८४ असतात. हवामानाचा अंदाज, रेणूंची हालचाल, न्यूरल नेटवर्कचं शिक्षण, या सगळ्यांच्या पोटात आकड्यांच्या प्रचंड सारण्यांचे गुणाकार असतात, आणि ते गुणाकारही असेच एकमेकांसाठी न थांबता करता येतात.

हे ओळखून काही संशोधक २००० नंतरच्या वर्षांत आपलं गणित चित्राच्या वेषात कार्डाला देत होते. आकड्यांना रंग समजायचं आणि उत्तर पडद्यावरच्या ठिपक्यांतून वाचायचं, असा तो द्राविडी प्राणायाम होता. स्टॅनफर्डमध्ये इयन बक यांनी त्यावर ‘ब्रूक’ नावाची भाषा रचली, आणि पुढे तेच एनव्हिडियात गेले. कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये ‘कुडा’ जाहीर केलं आणि २००७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. सी भाषा येणाऱ्या माणसाला चित्राचं सोंग न घेता थेट कार्डाकडून गणित करून घेता येऊ लागलं.

त्याचं मोल जगाला कळलं २०१२ मध्ये. टोरांटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की यांनी इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांच्यासोबत चित्रं ओळखणारं एक न्यूरल नेटवर्क तयार केलं. १२ लाख चित्रांवर ते शिकवायला पाच-सहा दिवस लागले, आणि त्यासाठी वापरलेलं यंत्र होतं घरातल्या खोलीत ठेवलेला, दोन जीटीएक्स ५८० कार्डांचा संगणक. ही कार्डं गेम खेळणाऱ्यांची, प्रत्येकी ३ जीबी मेमरीची. एका कार्डात नेटवर्क मावेना म्हणून ते दोघांत वाटून टाकलं होतं. त्या वर्षीच्या इमेजनेट स्पर्धेत दुसऱ्या क्रमांकाची चूक २६ टक्क्यांवर होती, यांची १५.३ टक्के. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेचा उगम बहुतेक जण इथे मानतात.

महाराष्ट्रात या तंत्राचं सगळ्यात देखणं काम जुन्नर तालुक्यात खोडदला चालतं. नारायणगावाजवळच्या या गावी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, पुण्याच्या एनसीआरए या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्राने चालवलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. काही एकत्र, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. या तीसही तबकड्यांचे संकेत एकत्र आणले तरच आकाशाचं सूक्ष्म चित्र मिळतं. त्यासाठी प्रत्येक तबकडीचा संकेत उरलेल्या प्रत्येक तबकडीशी ताडून पाहावा लागतो. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात.

सुरुवातीच्या काळात दुर्बीण एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकत असे आणि ताडून पाहण्याचं काम खास त्यासाठी बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करी. नंतर ते सॉफ्टवेअरकडे आलं. गेल्या दशकात दुर्बिणीचं नूतनीकरण झालं तेव्हा पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद झाला. एका संकेताचे सेकंदाला ८० कोटी नमुने, प्रत्येक तबकडीचे दोन ध्रुवीकरणांचे दोन संकेत, म्हणजे एकूण ६०. दर सेकंदाला ४,८०० कोटी नमुने येणार आणि त्यांचा हिशेब त्याच सेकंदात व्हायला हवा, कारण पुढच्या सेकंदाचे नमुने दारात उभे असतात. एनसीआरएच्या अभियंत्यांनी ही यंत्रणा सर्व्हरमध्ये एनव्हिडियाची टेस्ला कार्डं लावून, लिनक्सवर, कुडामध्ये प्रोग्राम लिहून उभी केली. जी आज्ञावली विद्यार्थी पहिल्या धड्यात शिकतो तिच्याच मोठ्या भावंडांवर खोडदचं आकाश चालतं. सप्टेंबर २०२४ मध्ये देशाला अर्पण झालेल्या तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांपैकी पुण्याचा महासंगणकही जीएमआरटीसाठीच आहे.

अशा कामासाठी घरचा संगणक असो वा प्रवेग, कार्यप्रणाली बहुधा लिनक्सच असते. नोव्हेंबर २०१७ पासून वेगवान संगणकांच्या त्या ५०० च्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. घरगुती पातळीवरही वारं त्याच दिशेचं आहे: टेन्सरफ्लोने २.१० नंतरच्या आवृत्त्यांत विंडोजवर थेट जीपीयू वापरण्याची सोय बंद केली. त्यामुळे या कामाकडे गंभीरपणे वळणाऱ्याला आज ना उद्या लिनक्सशी मैत्री करावीच लागते.

मग अडतं कुठे? सगळ्यात खाली लिनक्सचा कर्नेल असतो, म्हणजे यंत्राच्या प्रत्येक भागाशी प्रत्यक्ष बोलणारा गाभा. त्याच्या वर कार्डाचा ड्रायव्हर. त्याच्यावर कुडाचं टूलकिट, ज्यात प्रोग्राम तयार करणारा कम्पायलर आणि गणिताच्या लायब्रऱ्या असतात. सगळ्यात वर पायटॉर्च किंवा टेन्सरफ्लोसारखी चौकट, जिच्यात माणूस आपला प्रोग्राम लिहितो. प्रत्येक थराला आपली आवृत्ती आहे आणि प्रत्येकाला खालच्या थराची ठरावीक किंवा त्याहून नवी आवृत्ती लागते. या चारांचा मेळ बसला की काम पाच मिनिटांत होतं. नाही बसला तर वरच्या थरात दिसणारी चूक प्रत्यक्षात दोन थर खाली असते आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

यातला कर्नेल आणि ड्रायव्हरमधला सांधा खास एनव्हिडियाच्या बाबतीत दुखरा आहे, आणि त्याला इतिहास आहे. लिनक्सचा कर्नेल खुला. त्यातली ओळ न् ओळ कुणीही वाचावी, सुधारावी. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मात्र अनेक वर्षं बंदिस्त होता. कंपनी तयार फाइल देई, आतलं सांगत नसे. म्हणून काही स्वयंसेवकांनी कार्डाच्या वागण्याचा माग काढत ‘नूवो’ नावाचा खुला ड्रायव्हर स्वतः लिहिला. तो पडद्यावर चित्र दाखवतो, पण कुडाची गणितं त्याच्याने होत नाहीत. जून २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात बोलताना लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाला भर सभेत, कॅमेऱ्यासमोर शिवी हासडली होती. दहा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कंपनीने ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये बसणारा भाग खुला केला. तोही ट्युरिंग आणि नंतरच्या पिढ्यांच्या कार्डांपुरता. उशिरा का होईना, हे झालं याचा या क्षेत्रातल्या सगळ्यांना आनंद आहे. पण हा भाग अजूनही कर्नेलच्या मूळ घरात राहत नाही, बाहेरून येऊन बसतो. आणि बाहेरून येणाऱ्याची अडचण तिथेच सुरू होते.

प्रत्यक्ष काम सुरू करताना पहिली गोष्ट बघायची ती संगणकाला कार्ड दिसतं का. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली की जोडलेल्या सगळ्या भागांची यादी येते. त्यात एनव्हिडियाचं नाव नसेल तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही. कार्ड नीट बसलेलं नाही, वीजजोडणी राहिली आहे, किंवा पॉवर सप्लाय अपुरा आहे. नाव दिसलं तर उबुंटूच्या ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ या खिडकीत जाऊन शिफारस केलेला ड्रायव्हर निवडावा. नवख्याने इथे मोह आवरायचा असतो तो एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून मोठी ‘रन’ फाइल उतरवून घेण्याचा. ती फाइल ड्रायव्हर आपल्या पद्धतीने बसवते आणि उबुंटूच्या व्यवस्थेला त्याचा पत्ताही नसतो. पुढच्या अपडेटला दोघांची गाठ पडते आणि सकाळी संगणक उघडला की काळा पडदा. दोन्ही मार्ग आपापल्या जागी ठीक आहेत. अनर्थ होतो तो दोन्ही एकत्र केल्याने.

नंतर येतो तो निळा पडदा, ज्याच्यापाशी फार लोक चुकतात. हल्लीच्या संगणकांत ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारा असतो. ओळखीची सही नसलेला कुठलाही भाग तो कर्नेलमध्ये शिरू देत नाही. उबुंटूने स्वतः सही करून दिलेला ड्रायव्हर असेल तर काही करावं लागत नाही. पण ड्रायव्हर आपल्याच संगणकावर तयार होत असेल तर त्याला आपल्याच किल्लीची सही लागते, आणि बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं. लोक काहीतरी टाइप करतात आणि विसरतात. संगणक पुन्हा सुरू होताना निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं येतात: कुठलीही कळ दाबा. दहा सेकंदांची उलटी मोजणी चालू असते. समोर बसलेला माणूस तोवर चहा आणायला उठलेला असतो. मोजणी संपते, संगणक नेहमीसारखा सुरू होतो, वरवर सगळं छान दिसतं आणि ड्रायव्हर बाहेरच राहतो. त्या दहा सेकंदांत कळ दाबून ‘एनरोल एमओके’ हा पर्याय निवडायचा, होकार द्यायचा, मघाचा पासवर्ड घालायचा आणि पुन्हा सुरू करायचं. एवढंच. हा पडदा पुन्हा आपणहून येत नाही. चुकला तर सगळी विनंती नव्याने करावी लागते. कीबोर्डची मांडणीही तिथे अमेरिकी असते, म्हणून पासवर्डात चमत्कारिक चिन्हं घालू नयेत.

आता ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा द्यायची. सगळं जमलं असेल तर एक चौकट उमटते: कार्डाचं नाव, तापमान, किती वॅट वीज ओढतंय, किती मेमरी भरलीय, किती टक्के काम चाललंय आणि खाली कोणते प्रोग्राम कार्ड वापरताहेत. ही चौकट पहिल्यांदा दिसते तेव्हा होणारा आनंद खरा असतो. पण तिच्या डोक्यावर उजवीकडे ‘कुडा व्हर्जन’ म्हणून जो आकडा असतो, त्याने जितक्यांना फसवलंय तितक्यांना क्वचितच दुसऱ्या कशाने फसवलं असेल. हा आकडा संगणकावर कुडाची कोणती आवृत्ती बसवलेली आहे हे सांगत नाही. हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कोणत्या आवृत्तीपर्यंत साथ देईल एवढंच तो सांगतो. कुडाचं टूलकिट मुळीच बसवलेलं नसलं तरी तो आकडा तिथे दिसतोच. टूलकिटची आवृत्ती पाहायची तर ‘एनव्हीसीसी’ या कम्पायलरलाच विचारावं लागतं.

चौकटीऐवजी ड्रायव्हरशी संपर्क होत नाही असा निरोप आला, तर कर्नेलमध्ये ड्रायव्हर शिरलेला नाही असं समजावं. एक तर सिक्युअर बूटने अडवलंय किंवा नूवो आधीच जागा धरून बसलाय. ड्रायव्हर आणि लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही असा निरोप असेल, तर बहुतेक वेळा मागच्या मागे अपडेट झालेलं असतं. डिस्कवर नवा ड्रायव्हर आलाय, मेमरीत जुनाच चालू आहे. संगणक बंद करून चालू केला की प्रश्न मिटतो. कित्येकांनी एवढ्यासाठी अख्खी उबुंटू पुसून पुन्हा टाकलेली आहे.

महिना दोन महिने सगळं सुरळीत चालतं आणि एक दिवस सकाळी कार्ड पुन्हा नाहीसं होतं. आपण काहीच केलं नाही, असं मालक शपथेवर सांगतो, आणि ते खरंही असतं. कर्नेल बदललेला असतो. उबुंटू सुरक्षेसाठी वेळोवेळी नवा कर्नेल आणते, आणि ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये बसणारा भाग हा मापाने शिवलेल्या कपड्यासारखा एका ठरावीक कर्नेलसाठीच तयार झालेला असतो. अंग बदललं की शिवण पुन्हा घालावी लागते. हे आपोआप व्हावं म्हणून डेल कंपनीच्या अभियंत्यांनी ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था तयार केली. नवा कर्नेल आला की ती ड्रायव्हरचा तो भाग नव्याने बांधते. मात्र त्यासाठी नव्या कर्नेलच्या हेडर फाइल्स संगणकावर असाव्या लागतात आणि कम्पायलर जुळणारा असावा लागतो. त्यातलं एक जरी नसलं तर बांधणी फसते. सुटका सोपी आहे: संगणक सुरू होताना ‘ग्रब’च्या यादीतून जुना कर्नेल निवडावा. तो पुसलेला नसतो. काम चालू होतं आणि निवांतपणे दुरुस्ती करता येते.

टूलकिटबद्दल एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो मोडायलाच हवा. पायटॉर्च वापरण्यासाठी कुडाचं काही जीबींचं टूलकिट वेगळं बसवायची गरज नसते. पायटॉर्च आपल्याला लागणाऱ्या कुडाच्या लायब्रऱ्या स्वतःच्या पोटात घेऊन येतं. संगणकावर फक्त पुरेसा नवा ड्रायव्हर हवा. टूलकिट लागतं ते स्वतः कुडामध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्याला, किंवा एखादं पॅकेज मुळापासून बांधणाऱ्याला. तेव्हा मात्र जीसीसी कम्पायलरची आवृत्तीही बघावी लागते, कारण कुडाची प्रत्येक आवृत्ती जीसीसीच्या एका मर्यादेपर्यंतच साथ देते आणि उबुंटू अनेकदा तिच्या पुढे गेलेली असते. दोन आवृत्त्यांची दोन टूलकिटं शेजारी शेजारी नांदू शकतात. कोणती वापरायची हे ‘पाथ’मध्ये सांगायचं.

विज्ञान संस्थेतल्या प्रवेगसारख्या यंत्रावर वापरणाऱ्याला ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही, लावताही येत नाही. तिथे शेकडो संशोधक एकाच यंत्रावर असतात, कुणाला जुनी आवृत्ती हवी, कुणाला नवी. म्हणून महासंगणकांवर आवृत्त्या ‘मॉड्यूल’ म्हणून मांडून ठेवतात. हवी ती एका आज्ञेने उचलायची, काम रांगेत लावायचं आणि पाळी येईपर्यंत थांबायचं. घरी हीच शिस्त पायथनच्या स्वतंत्र एन्व्हायरन्मेंटने किंवा डॉकरच्या कंटेनरने पाळता येते. कंटेनरमध्ये वरचे सगळे थर एका डब्यात बंद होतात; बाहेर राहतो तो फक्त ड्रायव्हर. एक प्रकल्प मोडला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचं एन्व्हायरन्मेंट, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळणाऱ्याची पुढची दोन वर्षं सुखाची जातात.

एएमडीच्या कार्डांची गोष्ट उलटी आहे. त्यांचा ड्रायव्हर खुला आहे आणि कर्नेलच्या घरातच राहतो, त्यामुळे खालचा सांधा दुखत नाही. २०१६ मध्ये आलेली त्यांची ‘रॉकएम’ ही कुडासारखी व्यवस्थाही खुली आहे. दुखतं ते वर: अधिकृतपणे साथ मिळणाऱ्या कार्डांची यादी आखूड असते, आणि कार्ड घेण्याआधी ती वाचली नाही तर पस्तावायची पाळी येते.

यादी वाचण्याचा हा सल्ला जुनं कार्ड घेणाऱ्यालाही लागू आहे. बेंगळुरूत संगणकाच्या सुट्या भागांची पेठ म्हणजे एस. पी. रोड, पुण्यामुंबईतही अशा पेठा आहेत. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचं ‘खाणकाम’ करणं एका दिवसात बंद पडलं. जगभरातली वापरलेली कार्डं बाजारात आली, स्वस्तात. स्वस्त कार्ड वाईट असतं असं नाही, पण त्याची पिढी विचारायला हवी. प्रत्येक पिढीला ‘कम्प्यूट कॅपॅबिलिटी’ नावाचा क्रमांक असतो: पास्कल पिढीतल्या जीटीएक्स १०६० चा ६.१, ट्युरिंगचा ७.५, ॲम्पियर पिढीतल्या आरटीएक्स ३०६० चा ८.६. केप्लर पिढीला कुडा १२ ने डिसेंबर २०२२ मध्ये वगळलं. २०२५ मध्ये आलेल्या कुडा १३ ने मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा यांनाही बाहेर ठेवलं. व्होल्टा म्हणजे प्रवेगमधल्या व्ही-१०० ची पिढी. कार्ड त्या दिवशी मरत नाही, कुडा १२ वर ते चालत राहतं. पण नवी पॅकेजेस हळूहळू त्याच्यासाठी बांधली जाणं थांबतं. पाच-सहा हजार वाचवायला दोन पिढ्या मागचं कार्ड घेणं विद्यार्थ्याला परवडत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

वेगाच्या आधी बघायची ती मेमरी. सात अब्ज प्राचलांचं, म्हणजे शिकलेल्या आकड्यांचं, भाषेचं मॉडेल १६ बिटांत ठेवायचं तर १४ जीबी नुसती साठवणच लागते. ४ बिटांत आक्रसलं तर साडेतीन. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबीत पहिलं मावत नाही, दुसरं आरामात मावतं. मराठीला इथे जास्तीचा भुर्दंड पडतो. इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली मॉडेलं देवनागरी शब्दाचे जास्त तुकडे करतात, म्हणून तेवढ्याच मजकुराला जास्त मेमरी आणि जास्त वेळ लागतो.

म्हणूनच पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब या उपक्रमाचं काम महत्त्वाचं आहे. त्यांनी २०२२ मध्ये ‘महाकॉर्पस’ हा २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा साठा आणि त्यावर शिकवलेलं ‘महाबर्ट’ हे मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याच्या आदल्या वर्षी सुमारे १६ हजार मराठी ट्वीट माणसांकडून तपासून, कौतुकाचे, टीकेचे आणि तटस्थ असे गट पाडलेला ‘महासेंट’ हा संच आला होता. विद्यार्थ्यांच्या हातून झालेलं हे काम आहे, आणि ते कुठल्या महासंगणकाची वाट बघत थांबत नाही. महाबर्टची प्राचलं अब्जांत नाहीत. ते घरच्या एका कार्डात बसतं. मराठी पुस्तकांवरचे अभिप्राय, ग्राहकांच्या तक्रारी, ग्रामपंचायतीकडे येणारे अर्ज, अशा कुठल्याही मजकुराची वर्गवारी करायला ते काही तासांत शिकवता येतं.

शिकवणं सुरू केलं की दुसऱ्या खिडकीत एनव्हिडिया-एसएमआय दर सेकंदाला ताजी होत राहील अशी लावून ठेवावी. कामाचा टक्का नव्वदीत गेला म्हणजे कार्ड खरंच राबतंय. तो वीस-तीसवर रेंगाळत असेल तर दोष कार्डाचा नाही; सीपीयू किंवा डिस्क मजकूर वेळेवर पुरवत नाहीये. आणि मेमरी संपल्याचा निरोप येऊन प्रोग्राम थांबला तर नवं कार्ड घ्यायला धावू नये. एका वेळी ३२ वाक्यं देत असाल तर १६ द्या, १६ असतील तर ८, आणि दोन-चार फेऱ्यांची बेरीज करून मगच मॉडेल सुधारा. निकालात फारसा फरक पडत नाही, वेळ थोडा जास्त लागतो. तापमान ८० अंशांच्या वर टिकून राहिलं तर पेटीचं झाकण उघडून पंख्यात साचलेली धूळ आधी काढावी.